विश्लेषण : नरभक्षकांचा शिकारी वाघांचा वकील कसा झाला?

दरवर्षी २९ जुलै हा जागतिक व्याघ्र दिन म्हणून पाळला जातो. त्याच्या चारच दिवस आधी, २५ जुलैला, जिम कॉर्बेट यांची जयंती असते. तारखांचे हे सान्निध्य निव्वळ योगायोगाचे. पण वाघाकडे पाहण्याची भारतीयांची आणि जगाची नजर बदलण्यात ज्या मोजक्या माणसांचा वाटा आहे, त्यांत कॉर्बेट यांचे नाव फार वरचे. अडचण एवढीच, की याच माणसाने आयुष्यात अनेक वाघ आणि बिबटे मारले. त्यातील नरभक्षकांचीच संख्या साधारण ३३ सांगितली जाते. मग देशातील पहिल्या राष्ट्रीय उद्यानाला एका शिकाऱ्याचे नाव कसे, हा प्रश्न पर्यटकांना पडतो आणि समाजमाध्यमांवरही अधूनमधून उसळतो. त्याचे उत्तर कॉर्बेट यांच्या आयुष्यात शोधावे लागते, आणि ते सरळ एका ओळीचे नाही.

वाघ तेव्हा ‘उपद्रवी’ होता?

कॉर्बेट यांचा जन्म १८७५ सालचा. इतिहासकार महेश रंगराजन यांनी ब्रिटिशकालीन नोंदींवरून मांडलेल्या अंदाजानुसार, १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात ८० हजारांहून अधिक वाघ आणि दीड लाखाहून अधिक बिबटे मारले गेले. हा आकडा केवळ राजेरजवाड्यांच्या आणि साहेबांच्या हौसेचा नाही. वाघ, बिबट्या, लांडगा यांना सरकार उपद्रवी प्राणी मानत असे आणि मारणाऱ्याला रोख इनाम देत असे. शेतीखालील जमीन वाढवायची तर जंगल हटले पाहिजे, आणि जंगल हटवायचे तर त्यातील हिंस्र श्वापदे संपली पाहिजेत, असा तो हिशेब होता. वाघ मारणे म्हणजे एकाच वेळी मर्दुमकी आणि लोकसेवा. वाघ मुळात क्रूर, रक्तपिपासू असतो, ही समजूत या धोरणाला सोयीची होती आणि शिकारकथांमधून तीच घट्ट होत गेली. कॉर्बेट याच काळात वाढले, याच काळाची बंदूक त्यांच्या हाती आली. त्यामुळे त्यांनी पुढे काय केले, याचे मोजमाप त्या काळाच्या पार्श्वभूमीवरच करावे लागते.

कॉर्बेट मूळचे कुठले?

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचे घराणे आयर्लंडमधून आलेले. पण ते स्वतः जन्मले नैनितालमध्ये. वडील ख्रिस्तोफर तिथे पोस्टमास्तर होते. भावंडांचा गोतावळा मोठा. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या काळाढुंगीला, असा घराचा शिरस्ता. जिम पाच वर्षांचे असताना वडील वारले. आई मेरी जेन यांनी नैनितालमधील बंगले भाड्याने देण्या-घेण्याचा व्यवसाय करून घर चालवले. राज्यकर्त्यांच्या वर्णाचे असले तरी हे कुटुंब सत्ताधाऱ्यांच्या वरच्या वर्तुळात नव्हते. भारतातच जन्मलेल्या गोऱ्यांकडे विलायतेहून आलेले अधिकारी जरा खालच्या नजरेनेच पाहत. कॉर्बेट कुमाऊँनी आणि हिंदी सहज बोलत. ते तिथल्या माणसांत मिसळले, याचे एक कारण या अधांतरी सामाजिक स्थानात असावे.

जंगल ते शिकले काळाढुंगीत. थोरला भाऊ टॉम आणि कुंवरसिंग नावाचा गावचा मुरलेला, सरकारी भाषेत चोरटा, शिकारी हे त्यांचे गुरू. गलोल, मग धनुष्य, मग तारेने आवळून बांधलेली एक फुटक्या नळीची ठासणीची बंदूक, अशी प्रगती झाली. पण शिक्षण बंदुकीचे कमी आणि कानांचे जास्त होते. सांबर कधी ओरडते, चितळ कधी, माकडाने दिलेला इशारा बिबट्यासाठी आहे की सापासाठी, पावलांचा ठसा ताजा की रात्रीचा, गवताची पाती परत उभी राहायला किती वेळ लागतो, हे सगळे त्यांनी शाळकरी वयात आत्मसात केले. त्याच वयातला एक प्रसंग त्यांनी पुढे आवर्जून लिहून ठेवला. रानकोंबड्या पाहण्यासाठी ते एका झुडपाआड सरपटत गेले. झुडूप हलले आणि पलीकडच्या बाजूने वाघ बाहेर पडला. त्याने वळून मुलाकडे पाहिले आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. वाघ दिसेल त्या माणसाला मारत सुटतो, या समजुतीवर कॉर्बेट यांचा विश्वास कधीच का बसला नाही, हे यावरून कळते.

झाडे तोडणारा कंत्राटदार?

घरची ओढगस्त असल्याने कॉर्बेट अठराव्या वर्षाच्या सुमारास बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत नोकरीला लागले. काम होते इंजिनांसाठी जळाऊ लाकूड पुरवण्याचे, म्हणजेच जंगल तोडून घेण्याचे. संरक्षकाच्या आयुष्याची सुरुवात अशी झाली, हे त्यांनी स्वतः लपवले नाही. पाड घातलेल्या पट्ट्यातील उघड्यावर पडलेली पिले ते तंबूत आणून सांभाळत. कोळसा आल्यावर ते काम संपले आणि त्यांना बिहारमधील मोकामेह घाट येथे गंगेकाठी माल चढ-उताराचे कंत्राट मिळाले. नदीच्या दोन तीरांवरील रेल्वेमार्गांची रुंदी वेगळी. त्यामुळे सगळा माल माणसांच्या डोक्यावरून एका गाडीतून दुसरीत जाई. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी हे केले. स्वतः हमालांबरोबर पोती आणि कोळसा उचलला. स्टेशनमास्तर रामशरण यांच्या मदतीने हमालांच्या मुलांसाठी शाळा काढली. वेगवेगळ्या जातींची मुले एका खोलीत बसायला तयार होईनात, तेव्हा शाळेच्या भिंतीच काढून टाकल्या. छपराखाली बसायला कोणाचीच हरकत नव्हती! कॉर्बेट यांना फक्त वाघांचे लेखक समजणाऱ्यांनी ‘माय इंडिया’ हे त्यांचे पुस्तक वाचायला हवे. रेल्वेची ही नोकरी सांभाळून, रजा काढून ते नरभक्षकांच्या मागे जात. त्यासाठी त्यांनी पैसे घेतले नाहीत. उलट दोन अटी असत : लावलेले इनाम आधी रद्द करावे आणि इतर शिकाऱ्यांना त्या भागातून काढून घ्यावे. इनामासाठी शिकार करणारा म्हणून आपली ओळख होऊ नये, हे पहिल्या अटीमागचे कारण. आणि चुकून गोळी लागू नये, हे दुसरीमागचे. दुसरे जास्त व्यावहारिक म्हणायचे.

चंपावतच्या वाघिणीने काय दाखवले?

१९०७ मध्ये कॉर्बेट यांनी मारलेली चंपावतची वाघीण ही त्यांची पहिली नरभक्षक. नेपाळमध्ये सुमारे २०० माणसे मारल्यावर तिला तिथून हुसकावले गेले आणि कुमाऊँमध्ये आल्यावर तिने आणखी २३४ बळी घेतले, अशी नोंद कॉर्बेट यांनी दिली आहे. एकूण ४३६ हा आकडा आजही एका प्राण्याच्या नावावर लागलेला सर्वात मोठा मानला जातो. गावेच्या गावे दाराला कड्या लावून बसली होती, पिके शेतात उभी होती. शेवटचा बळी एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा. रक्ताच्या मागावरून कॉर्बेट दरीत उतरले आणि दुसऱ्या दिवशी तहसीलदाराने गोळा केलेल्या सुमारे ३०० गावकऱ्यांनी हाकारा केला, तेव्हा ती वाघीण पडली. बहिणीला वाघिणीने नेल्याचे पाहून वाचा गेलेली एक बाई पाली गावात होती. कॉर्बेट मुद्दाम वाट वाकडी करून तिला कातडे दाखवायला गेले आणि ती बोलू लागली.

इतका थरार असलेल्या या कथेत खरी महत्त्वाची गोष्ट मात्र नंतर येते. वाघीण मेल्यावर कॉर्बेट यांनी तिचे तोंड तपासले. उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते. वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. हे जुन्या गोळीच्या जखमेचे काम होते. म्हणजे कोण्या शिकाऱ्याने कधीतरी गोळी झाडली, जनावर जखमी होऊन निसटले, आणि त्याचा पाठपुरावा न करता तो घरी गेला. नेहमीचे भक्ष्य धरणे अशक्य झालेल्या त्या वाघिणीने मग माणसे मारली. शेकडो बळींच्या शेवटी कॉर्बेट आरोपी म्हणून वाघिणीकडे नव्हे, तर त्या अनोळखी बंदुकीकडे बोट दाखवतात. त्यांच्या पुढच्या प्रत्येक शिकारकथेत हा तपास येतो. माझ्या मते कॉर्बेट यांचे वेगळेपण त्यांच्या नेमबाजीपेक्षा या सवयीत आहे. चांगले नेमबाज तेव्हा ढिगाने होते.

वाघ नरभक्षक का होतो?

कॉर्बेट यांची मांडणी अशी : माणूस हे वाघाचे नैसर्गिक भक्ष्य नाही. परिस्थितीच्या रेट्याने त्याला परका आहार घ्यावा लागतो. त्यांच्या अनुभवानुसार दहापैकी नऊ वेळा कारण असते जखम आणि दहावीला म्हातारपण. जखम बहुधा अर्धवट शिकारीची. किंवा मग साळिंदराची. मुक्तेश्वरच्या वाघिणीचे उदाहरण त्यांनी दिले आहे. साळिंदराशी झालेल्या झटापटीत तिचा एक डोळा गेला आणि पुढच्या पायात व पंजाखाली पन्नासेक काटे घुसले. काही काटे हाडाला लागून मागे वळलेले. जखमा चिघळल्या, भूक मारून ती गवतात पडून होती, आणि नेमकी तिथे गवत कापायला आलेली बाई तिचा पहिला बळी ठरली. भुकेपेक्षा दचकण्यातून घडलेला तो मृत्यू होता. हा फरक कॉर्बेट बारकाईने करतात. पिलांजवळ गेलेल्या माणसावर वाघीण धावून आली, किंवा मारलेल्या जनावरावर बसलेल्या वाघाला कोणी उठवले, तर ती घटना नरभक्षणात मोडत नाही.

बिबट्याचे गणित त्यांनी वेगळे मांडले. बिबट्या मेलेले जनावरही खातो. साथीच्या रोगात माणसे इतकी मरतात की डोंगराळ भागात विधिवत दहन अशक्य होते. मग प्रेताच्या तोंडात निखारा ठेवून ते दरीत लोटले जाई. अशा प्रेतांची चव लागलेला बिबट्या, साथ ओसरल्यावर आयते अन्न बंद झाले की जिवंत माणसांकडे वळतो. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रामार्गावर १९१८ ते १९२६ अशी आठ वर्षे दहशत माजवणाऱ्या रुद्रप्रयागच्या बिबट्याचा उगम त्यांनी १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत शोधला. सरकारी नोंदीनुसार या बिबट्याने १२५ माणसे मारली. विष, सापळे, इनाम सगळे करून झाले होते. मे १९२६ च्या सुरुवातीला गोलाबराय येथील आंब्याच्या झाडावरून कॉर्बेट यांनी त्याला टिपले. हाती लागला तो एक म्हातारा नर.

आणखी एक निरीक्षण आजही वनरक्षकांना उपयोगी पडणारे आहे. नरभक्षक झालेल्या वाघाचे माणसाविषयीचे भय मोडते, म्हणून तो दिवसाढवळ्या मारतो. बिबट्या कितीही माणसे मारो, त्याचे भय जात नाही. तो रात्रीच येतो. त्यामुळे बिबट्या पकडणे जास्त अवघड.

या सगळ्याला आजच्या अर्थाने शास्त्र म्हणता येणार नाही. एका माणसाने कुमाऊँ-गढवालच्या टापूत पाहिलेल्या मोजक्या जनावरांवरून काढलेले निष्कर्ष आहेत ते. सुंदरबनातील वाघांना ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आज चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात वाघ-माणूस संघर्षामागे वाघांची दाटी, जंगलालगतची शेती, मोहफुले आणि तेंदूपाने वेचायला जंगलात जावे लागणारी माणसे अशी गुंतागुंत आहे; तिथे प्रत्येक वेळी मोडका सुळा सापडत नाही. पण ‘का मारले?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय नुसती गोळी घालणे निरर्थक, ही भूमिका कॉर्बेट यांनी रुजवली. २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा परिसरातील टी-१ म्हणजे ‘अवनी’ वाघिणीला मारल्यावर जो वाद पेटला, त्याची भाषा बरीचशी याच प्रश्नाची होती. शंभर वर्षांपूर्वी असा वाद उद्भवलाच नसता.

बंदुकीऐवजी कॅमेरा कसा आला?

हा बदल एका रात्रीत घडलेला नाही, आणि पूर्णही कधी झाला नाही. पहिल्या महायुद्धात कॉर्बेट कुमाऊँच्या ५०० माणसांची श्रमिक तुकडी घेऊन फ्रान्सला गेले. त्यातील एकच जण परत आला नाही. परतल्यावर काळाढुंगीजवळ स्वतः विकत घेतलेल्या छोटी हल्दवानी या गावात त्यांनी शेती वसवली, रानडुकरे आणि हरणे रोखायला गावाभोवती दगडी कुंपण घातले. याच वर्षांत जंगल पातळ होत चालल्याचे त्यांच्या लक्षात येऊ लागले. मोटारी आल्या, प्रकाशझोत आले, बंदुका वाढल्या.

त्यांच्यावर सर्वात मोठा प्रभाव पडला तो एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याचा. चॅम्पियन यांनी शिकार सोडली होती. जंगलवाटेवर तार ताणायची, वाघाचा पाय लागला की कॅमेरा आणि दिवा आपोआप चालू व्हावा, अशी युक्ती करून त्यांनी रात्रीच्या रानवाघांची छायाचित्रे मिळवली. त्यांचे पुस्तक १९२७ मध्ये आले. कॉर्बेट यांनी मग सिने-कॅमेरा घेतला. वाघाचे कातडे भिंतीवर झुरत जाते, चित्र कायम राहते आणि वाघही, असा त्यांचा युक्तिवाद. पण चित्रीकरण शिकारीहून कठीण निघाले. कॅमेऱ्याच्या घरघरीने वाघ बिचकत. शेवटी त्यांनी जंगलातील एका ओढ्याकाठची जागा निवडली, पाण्याला लहान बांध घालून खळखळाट वाढवला म्हणजे यंत्राचा आवाज त्यात बुडेल, आणि कित्येक महिने खपून एकेक वाघ तिथपर्यंत आणला. दिवसाउजेडी, मोकळ्यावर फिरणाऱ्या वाघांची ती चित्रफीत नंतर प्रेक्षकांना दाखवली जाई.

याच सुमारास ते शाळांत, क्लबांत बोलू लागले. मुलांसमोर प्राण्यांचे आवाज काढून दाखवत. १९३२ मध्ये नैनितालच्या एका साप्ताहिकात त्यांनी गावाभोवतीचे वन्यजीव वाचवण्याचे आवाहन करणारा लेख लिहिला. हसन आबिद जाफरी यांच्यासमवेत वन्यजीवांवरील एका नियतकालिकाचे संपादन केले. वाघ हा जंगलाचा शत्रू नसून त्याच्याविना जंगल दरिद्री होईल, असे सांगणाऱ्यांची संख्या तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती. सांगणारा नरभक्षकांचा ख्यातनाम शिकारी असल्याने लोक ऐकून घेत, हेही खरे.

राष्ट्रीय उद्यान त्यांनीच स्थापन केले का?

नाही. उद्यानाच्या प्रवेशद्वारावरील नावामुळे तसा समज होतो, एवढेच. रामगंगा खोऱ्यातील जंगल राखीव करण्याची कल्पना ई. आर. स्टीव्हन्स आणि ई. ए. स्मिथीज या वनाधिकाऱ्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच मांडली होती. ती तेव्हा फेटाळली गेली. पुढे संयुक्त प्रांताचे गव्हर्नर माल्कम हेली यांनी ती उचलून धरली, १९३५ मध्ये कायदा झाला आणि १९३६ मध्ये सुमारे ३२४ चौरस किलोमीटरचे उद्यान अस्तित्वात आले. आशियाच्या मुख्य भूमीवरील हे पहिले राष्ट्रीय उद्यान. कॉर्बेट यांनी हद्द ठरवायला मदत केली, पाठपुरावा केला. नाव मात्र ‘हेली नॅशनल पार्क’ असे होते. स्वातंत्र्यानंतर काही काळ ‘रामगंगा’ आणि कॉर्बेट यांच्या निधनानंतर त्यांचे नाव. चॅम्पियन, स्मिथीज, स्टीव्हन्स ही नावे आज कोणाला आठवतात? लोकप्रिय पुस्तके लिहिणाऱ्याच्या वाट्याला श्रेय जरा जास्तच येते.

मग विसंगतीचे काय?

ती आहेच आणि झाकण्यात अर्थ नाही. १९३० मध्ये, म्हणजे कॅमेरा हाती आल्यानंतर, कॉर्बेट यांनी ‘पोवळगढचा बॅचलर’ म्हणून ओळखला जाणारा प्रचंड नर वाघ मारला. तो नरभक्षक नव्हता. दहा वर्षे बड्या शिकाऱ्यांना हुलकावणी देणारा, एवढाच त्याचा गुन्हा. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याशी त्यांची मैत्री होती आणि त्यांच्यासाठी काळाढुंगी परिसरात वाघांच्या शिकारीची व्यवस्था कॉर्बेट करत. म्हणजे एका हाताने संरक्षणाची पत्रके आणि दुसऱ्या हाताने साहेबांचे हाकारे. त्यांच्या समर्थकांचे म्हणणे, या ओळखींमुळेच त्यांचा शब्द सरकारदरबारी चाले. त्यात तथ्य आहे. पण मारल्या गेलेल्या वाघांना त्याचा काय उपयोग, असेही विचारता येते.

दुसरी विसंगती राजकीय आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर व्हाइसरॉय वेव्हेल यांच्याशी बोलताना कॉर्बेट यांनी देशात तीन ते चार हजारच वाघ उरले असावेत आणि दहा-पंधरा वर्षांत ते जवळपास संपतील, अशी भीती व्यक्त केली. वेव्हेल यांच्या रोजनिशीत त्याची नोंद आहे आणि आकडा इतका कमी असल्याचे त्यांना नवल वाटले होते. सत्ता भारतीयांकडे गेल्यावर वन्यजीवांचे हाल होतील, हा त्या भाकितामागचा सूर वसाहतवादी पूर्वग्रहाचा. वाघांची मोठी कत्तल तर ब्रिटिश अमलातच झाली होती. पण स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत परदेशी शिकाऱ्यांसाठी शिकार-सहली भरवणाऱ्या कंपन्या फोफावल्या, शेतीसाठी तराई साफ झाली, कातड्यांची निर्यात होत राहिली, आणि १९७२ च्या गणनेत वाघ भरले १,८२७. भाकिताचे कारण चुकले, दिशा मात्र बरोबर निघाली.

मुंबईत छापलेले पुस्तक जगात कसे गेले?

वाघांसाठी कॉर्बेट यांनी केलेल्या कामांत सर्वात परिणामकारक ठरले ते त्यांचे लेखन. तेही त्यांनी साठी ओलांडल्यावर मनावर घेतले. १९३५ मध्ये ‘जंगल स्टोरीज’ नावाची छोटी पुस्तिका नैनितालमध्ये छापून मित्रांत वाटली होती, अवघ्या शंभर प्रती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते गंभीर आजारी पडले. त्यानंतर त्या कथा विस्तारून ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ तयार झाले आणि १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने ते प्रसिद्ध केले. तिथले संपादक आर. ई. हॉकिन्स यांनी या लेखकाला पुढेही लिहिते ठेवले. पहिल्या आवृत्तीचे मानधन कॉर्बेट यांनी युद्धात दृष्टी गमावलेल्या भारतीय सैनिकांच्या संस्थेला दिले. १९४६ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या पुस्तक-मंडळाने ते निवडले आणि लाखोंच्या संख्येने प्रती निघाल्या. पुढे अनेक भाषांत अनुवाद झाले, मराठीतही आले. १९४८ मध्ये हॉलीवूडने याच नावाचा चित्रपट काढला. त्याचा पुस्तकाशी नावापलीकडे फारसा संबंध नव्हता.

या पुस्तकाने नेमके काय केले? वाचक थरारासाठी पुस्तक उघडतो आणि बंद करताना वाघाविषयी त्याच्या मनात आदर असतो. कॉर्बेट वाघाला उदार आणि अतिशय धैर्यवान प्राणी म्हणतात. जंगलात लाकडे तोडणाऱ्या, गवत कापणाऱ्या शेकडो बायाबापड्यांच्या अगदी जवळून वाघ रोज जात असतात आणि काहीही घडत नाही, याकडे लक्ष वेधतात. लोकमताने पाठिंबा दिला नाही तर हा प्राणी नष्ट होईल, असा इशाराही त्याच पुस्तकात आहे. जगाचे मन महायुद्धात गुंतलेले असताना वाघाच्या विलुप्तीची चिंता छापून येणे, ही साधी बाब नव्हती.

शेवटची वर्षे केनियात का?

१९३८ मध्ये, ६३ व्या वर्षी, ठाक गावची नरभक्षक वाघीण मारून कॉर्बेट यांनी त्या कामातून निवृत्ती घेतली होती. नोव्हेंबर १९४७ मध्ये ते आणि बहीण मॅगी भारत सोडून केनियाला गेले. दोघेही अविवाहित. बदललेल्या भारतात आपल्यासारख्यांचे, विशेषतः आपल्यानंतर एकट्या पडणाऱ्या मॅगीचे काय होईल, ही धास्ती त्यामागे असल्याचे चरित्रकार सांगतात. छोटी हल्दवानीतील जमीन त्यांनी कसणाऱ्या कुटुंबांकडे सोपवली. केनियात न्येरी गावी ते राहिले ते घर स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी स्वतःसाठी बांधलेले होते. तिथे त्यांनी आणखी पुस्तके लिहिली. फेब्रुवारी १९५२ मध्ये राजकन्या एलिझाबेथ ट्रीटॉप्स या झाडावरील निवासात रात्र काढून राणी झाल्या, तेव्हा सोबत कॉर्बेट होते. १९ एप्रिल १९५५ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. १९६८ मध्ये चेक प्राणिशास्त्रज्ञ व्रातिस्लाव माझाक यांनी आग्नेय आशियातील वाघाच्या उपप्रजातीला कॉर्बेट यांचे नाव दिले. उपप्रजातींच्या या विभागणीवर अलीकडे शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

आज चित्र काय?

१९७० च्या सुमारास देशात वाघांच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात कॉर्बेट उद्यानातील ढिकाला येथून करण्यात आली. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपले मेळघाटही होते. त्यानंतरच्याच वर्षी काळागढ धरणाच्या जलाशयात उद्यानाच्या गवताळ पट्ट्याचा मोठा भाग बुडाला, हेही नोंदवायला हवे. चोरट्या शिकारीने मधल्या काळात पुन्हा घसरण झाली. २००६ मध्ये नव्या पद्धतीने मोजणी झाली, तेव्हा १,४११ वाघांचा अंदाज निघाला. २०२२ च्या गणनेत सरासरी अंदाज ३,६८२ असून महाराष्ट्रात ४४४ वाघ आहेत. एकट्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात २६० वाघ नोंदले गेले, देशातील कोणत्याही प्रकल्पापेक्षा जास्त. आंतरराष्ट्रीय लाल यादीत वाघ अजूनही ‘संकटग्रस्त’ गटात आहे. बिबट्या ‘असुरक्षित’ गटात. जुन्नरच्या उसातील बिबट्यांच्या बातम्या रोज वाचणाऱ्यांना हे पटणे कठीण आहे. पण जगातील त्याच्या अधिवासाचा मोठा भाग त्याने गमावला आहे. भारतात २०२२ च्या अंदाजानुसार १३,८७४ बिबटे आहेत, पैकी महाराष्ट्रात १,९८५.

२०२२ च्या व्याघ्रगणनेत जंगलवाटांवर लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी एक वर्षावरील ३,०८० वेगवेगळे वाघ टिपले. प्रत्येक वाघाची ओळख त्याच्या पट्ट्यांवरून पटवली गेली. वाटेवरून जाणाऱ्या वाघाने स्वतःच आपले छायाचित्र काढावे, ही कल्पना चॅम्पियन यांनी कुमाऊँच्या पायथ्याच्या जंगलांत तारा बांधून शंभर वर्षांपूर्वी राबवली होती.